सुपरहिरोचं प्रगतिपुस्तक

अर्धी_वही (धागाकर्ता)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

दीड वर्षापूर्वी भाचा सुट्टीला आला होता. रोज सकाळी उठून हॉलमध्ये जोर काढायचा, मोजून शंभर. मग पोटाचे व्यायाम शंभर, बैठका शंभर, आणि शेवटी दहा किलोमीटर पळायला म्हणून बाहेर पडायचा (पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीपर्यंत पोचला, ते सोडा). म्हटलं, बाबा रे, सैन्यभरती आहे का? तर म्हणे, "मामा, डेली क्वेस्ट आहे." आणि मला धरून 'सोलो लेव्हलिंग' वाचायला बसवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ही मूळची कोरियन गोष्ट, चुगोंग हे टोपणनाव घेतलेल्या लेखकाची. २०१६ पासून ऑनलाइन कादंबरी म्हणून भागाभागाने आली, २०१८ मध्ये तिची चित्रमालिका सुरू झाली, आणि जानेवारी २०२४ मध्ये जपानी ॲनिमे आल्यावर आपल्याकडच्या पोरांनी डोक्यावर घेतली. नायक सुंग जिन-वू हा राक्षस मारणाऱ्या शिकाऱ्यांमधला सगळ्यात खालच्या श्रेणीचा. एका मोहिमेत मरता मरता वाचतो, हॉस्पिटलात डोळे उघडतो, तर समोर हवेत पाटी. फक्त त्यालाच दिसणारी. ताकद, चपळाई वगैरे रकाने, आणि खाली आजची कामगिरी: शंभर जोर, शंभर बैठका, पळणं. पठ्ठ्या दुर्लक्ष करतो. आपणही केलंच असतं. दिवस उलटतो आणि पायाखालची फरशी जाऊन वाळवंट येतं. वाळूखालून बसएवढाल्या घोणी वर येतात. दंड म्हणून नवी कामगिरी: चार तास जिवंत राहा. दुसऱ्या दिवसापासून गडी मुकाट जोर काढायला लागतो.

मला राक्षसांपेक्षा तो दंड आवडला. नायक आहे म्हणून लाड नाहीत.

या जातीच्या गोष्टींना इंग्रजीत लिट-आरपीजी म्हणतात, जरा मोठ्या छत्रीला प्रोग्रेशन फँटसी. तळापासून सुरुवात, आणि वर चढताना प्रत्येक पायरी वाचकाला मोजून दाखवायची. मी ढीगभर वाचल्या. आणि मग व्हायचं ते झालं, स्वतःच लिहायला बसलो.

माझी नायिका रुक्मिणी. एसटीची कंडक्टर, कोल्हापूर–गगनबावडा–वैभववाडी मार्गावर. एका पावसाळ्यात तिला एक शक्ती मिळते: तिनं घंटी ओढली की समोरची हलती वस्तू थांबते. पहिल्या दिवशी काय, तर पोत्यातून निसटून घरंगळत निघालेला एक नारळ. तीन सेकंद. निळी पाटी वगैरे नाही, तिच्या तिकीट मशीनमधून कागदाची पट्टी सरसरत बाहेर येते आणि त्यावर सगळा हिशोब छापलेला असतो. हा भाग मला अजूनही आवडतो.

गाडी अडली पुढे. जीव वाचवला की दहा गुण, असा नियम मी केला होता. सुपरहिरोच आहे ना, वाचवणारच. आठव्या प्रकरणात ती करूळ घाटात दरीकडे सरकणारी बस थांबवते. बेचाळीस प्रवासी, दहा गुणप्रमाणे चारशे वीस (हसू नका, आकडा आपोआप आला). नवव्यात तिला पुढच्या पातळीला हजार गुण हवेत. आणि दहाव्यात मी सहज लिहून गेलो, "चार दिवसांनी पाऊस उघडला तशी रुक्मिणी हिरमुसली."

रात्री परत वाचलं तेव्हा लक्षात आलं, की ही बाई आता दरड कोसळायची वाट बघतेय. मीच तिला तसं केलंय.

राक्षस मारणाऱ्याला ही अडचण येत नाही. राक्षस जास्त आले, बरंच झालं. पण वाचवणाऱ्याला पगार अपघातावर मिळायला लागला तर त्याचं काय होतं? सुपरहिरो आणि लेव्हल यांची सांगड घालायची तरी कशी? तीन आठवडे झाले, वही बंद आहे.

रात्रपाळी

वाचनखूण साठवली. 'हिरमुसली' वाचून मीही दचकलो.

एक बाळबोध प्रश्न. नेहमीचा सुपरहिरो आणि हा, यात नेमका फरक काय? शेवटी दोघंही उडतातच.

अर्धी_वही

नेहमीच्याला लॉटरी लागते. कोळी चावला, वीज पडली, झाला हिरो, विषय संपला. हा हप्त्याहप्त्यानं होतो. आणि प्रत्येक हप्त्याची पावती वाचकाच्या हातात.

स्पष्टवक्ता_३

रागावू नका, पण हे साहित्य आहे की एक्सेलची शीट? ताकद १०, मग ११, मग १२. माणूस बदलला हे वाचकाला त्याच्या वागण्यातून कळायला हवं. लेखकाला ते जमत नाही म्हणून तो आकडा लिहितो. उद्या प्रेमकथेत "जिव्हाळा +५" लिहाल. तुमची अडचणही तिथूनच आलीय. गुण काढून टाका, बाई आपोआप माणसात येईल.

रात्रपाळी

स्पष्टवक्ता, तुमचं पटतं, पण मी हे का वाचतो ते सांगतो. मी सपोर्टला आहे, रात्री अकरा ते सकाळी आठ. गेल्या वर्षी माझे आकडे टीममध्ये दोन नंबरचे होते. वर्षअखेरीला साहेब म्हणाले, काम उत्तम आहे, पण बेल कर्व्हमध्ये (ठरावीक लोकांनाच वरची श्रेणी, असा हिशोब) तुला वर बसवायला जागा नाही. त्या पहाटे घरी येताना कॅबमध्ये जिन-वूचे चाळीस भाग सलग वाचले. शंभर जोर काढले की आकडा वाढतो. कुणाला विचारावं लागत नाही, कुणी कर्व्ह लावत नाही. एवढंच हवं असतं हो कधी कधी.

स्पष्टवक्ता_३

हे कारण मान्य. साहित्यमूल्याबद्दल बोलणं राखून ठेवतो.

वीसपैलू

आला, माझा विषय आला. मी बंगळुरात असतो, दर रविवारी सहा जण जमून टेबलावर डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत त्याची गोष्ट पुढे न्यायची. (हो, चाळिशीचे आहोत. हो, बायकांना माहीत आहे.)

अर्धी_वही, सुपरहिरो आणि लेव्हल यांची सांगड कशी घालायची म्हणता, पण ती जन्मापासूनच घातलेली आहे. हा खेळ १९७४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावातून बाहेर पडला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा. अनुभवाचे गुण साठवा आणि पातळी चढा, ही आज सगळीकडे दिसणारी पद्धत तिथून पसरली. त्या पहिल्या पुस्तिकेत लढवय्याच्या प्रत्येक पातळीला नाव होतं. सुरुवात शून्य गुणांनी, दुसऱ्या पातळीला २,०००, तिसरीला ४,०००. चौथीला ८,०००, आणि तिचं नाव काय? 'हिरो'. मग १६,०००, ३२,०००, ६४,०००, आणि आठव्या पातळीला १,२०,०००. नाव: 'सुपरहिरो'. (दुपटीनं १,२८,००० व्हायला हवे होते. शेवटी थोडी सूट दिलेली दिसते.)

ही नावंही आधीची. १९७१ च्या 'चेनमेल' नावाच्या युद्धखेळाच्या पुस्तिकेत हिरो म्हणजे चार माणसांच्या बळाचा गडी आणि सुपरहिरो म्हणजे आठ माणसांच्या. इतकं साधं. ना केप, ना मुखवटा. किती माणसांच्या तोडीचा, एवढाच सवाल.

आता तुमच्या दुखण्याकडे. त्या जुन्या नियमांत गुण राक्षस मारल्याचेही मिळायचे, पण थोडे. खरे गुण होते खजिन्याला. सोन्याचं एक नाणं भुयारातून सुखरूप बाहेर आणलं की एक गुण. परिणाम काय? खेळाडू लढाई टाळायचे. ड्रॅगन झोपलेला असताना पोतं उचलून चवड्यावर पसार. पुढे बऱ्याच खेळांनी गुण फक्त मारण्याला ठेवले, मग तेच खेळाडू दिसेल त्याला कापत सुटले. माणसं तीच, फक्त गुण कशाला ते बदललं. तुमची रुक्मिणी वाईट नाही, तुमचं कोष्टक वाईट आहे.

स्पष्टवक्ता_३

"चवड्यावर पसार" आवडलं. कोष्टकाचा मुद्दा मात्र माझ्याच बाजूचा आहे हे नोंदवतो.

लाल_माती

कोल्हापूरकर हाजीर. भावा, तू कंडक्टर आमच्या रूटवर घातलीस आणि लिहिलंयस 'पातळी वाढली'. आमच्या हिकडं पावसाळ्यात 'पातळी वाढली' म्हटलं की माणसं आधी सामान माळ्यावर टाकत्यात. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेलती. तवा रुक्मिणीची पातळी वाढली की कोल्हापूरचा वाचक पळत सुटणार बघ.

दुसरं. शंभर जोर? आमच्या तालमीत शंभर जोर झाले की वस्ताद इचारत्यात, अंग मोकळं झालं का? झालं असंल तर सुरू कर.

तिसरं, आणि हे खरं सांगायचं होतं. जत्रंतलं कुस्तीचं मैदान बघितलंयस का? सुरुवातीला बारकी पोरं, रेवड्यांवर नाहीतर नारळावर. मग पन्नास रुपये, शंभर रुपये. दुपार कलली की हजार, पाच हजार. शेवटाला एक नंबरची. कुणाच्या डोळ्यापुढं पाटी येत न्हाई, पण कडंला बसलेल्या म्हाताऱ्याला पक्कं ठावं असतंय, कुठला पोरगा आज किती रुपयाचा हाय आणि पुढच्या साली किती रुपयाचा होणार. आणि जोड लावायची असती तोलामोलाची. मोठ्या पैलवानापुढं बारकं पोरगं दिलं तर लोक शिट्ट्या मारत्यात. तुमच्या त्या गोष्टींत पुढं पुढं नायक एका बोटानं सगळ्यांस्नी झोपवतोय, तवा मला तेच वाटतंय. जोड चुकली.

वीसपैलू

"जोड चुकली" ही या अख्ख्या प्रकारावरची सगळ्यात नेमकी टीका आहे. पातळी तीनशे, पातळी चारशे, आकड्यांना नुसती सूज. वाचक आकडा बघतच नाही मग.

गणित_नावडतं

मग लेव्हलला म्हणायचं काय? पातळी बाद (पूर आला). पायरी?

रात्रपाळी

इयत्ता. "रुक्मिणी इयत्ता चौथीत गेली."

गणित_नावडतं

आणि नापास झाली की त्याच वर्गात. भारी आहे की!

स्पष्टवक्ता_३

'यत्ता' लिहा, मग आणखी जुनी वाटेल. हलकेच घ्या.

कुमुदताई

मी निवृत्त शिक्षिका, प्राथमिकला सव्वीस वर्षं. तुमचे खेळ आणि कोरियन गोष्टी मला ठाऊक नाहीत, पण ती हवेतली पाटी म्हणजे आमचं प्रगतिपुस्तकच की. डावीकडे विषय, पुढे गुण. तुम्ही इंग्रजीत 'प्रोग्रेशन' म्हणता ते यातच आहे, वेगळा शब्द शोधायला नको.

फक्त तुमच्या पाटीत एक रकाना कमी आहे. शेवटचा. 'शेरा'. गुणांची बेरीज कुणीही करतं. शेरा लिहिताना पेन थांबतं. एक मुलगा आठवतो, सगळ्या विषयांत नव्वदच्या पुढे, पण शेजारच्याचं खोडरबर हटकून पळवणारा. गुणांत ते कुठे दिसणार? मी लिहिलं, "हुशार आहे. वस्तू परत करण्याची सवय लावावी." वडील भेटायला आले, रागावून. मी म्हटलं, गुण तुमच्या मुलानं मिळवलेत, शेरा मी दिलाय, आणि तो खोडता येणार नाही.

तुमच्या रुक्मिणीच्या पट्टीवर शेरा छापून येऊ दे की. ज्यानं शक्ती दिली तो कुणी तरी बघतोय, एवढं कळेल.

अर्धी_वही

कुमुदताई, साष्टांग नमस्कार. शेरा घेतला. धाग्याचं नावही बदलतोय.

तळटीप_नको

अवांतर होईल, पण आकड्यांशिवायची वाढही बघा. 'वर्म' नावाची सुपरहिरोंची इंग्रजी वेबकादंबरी आहे, २०११ ते २०१३ अशी भागाभागानं आली. कॉलेजातही न गेलेली मुलगी, टेलर. शक्ती काय, तर आसपासचे किडे-कोळी तिच्या हुकमात. वाचूनच नाक मुरडलं जातं. पातळ्या नाहीत, गुण नाहीत. पण ती विचार करते. विषारी कोळ्यांकडून महिनोन् महिने रेशीम काढून घेऊन स्वतःचा चिलखतासारखा पोशाख विणवून घेते. पुढे किड्यांच्या हालचालीवरून न बघता खोलीत कोण कुठे उभं आहे ते ओळखते. शक्ती बरीचशी पहिल्या पानावरचीच राहते, वाढते ती तिची अक्कल. तीन सेकंद नारळ थांबवणारी बाई तीन सेकंदांत काय काय करू शकते, हे आधी संपवा. मग चार सेकंद द्या.

स्पष्टवक्ता_३

हे मात्र साहित्य आहे.

रात्रपाळी

स्पष्टवक्त्यांची यत्ता वाढली 😀

वीसपैलू

काल बसमध्ये धाग्याचाच विचार करत होतो आणि नेमका खेळ आठवला. १९८४ साली त्याच डंजन्सवाल्या कंपनीनं, टीएसआरनं, मार्व्हलच्या सुपरहिरोंचा टेबलावरचा खेळ काढला. तिथे अनुभवाचे गुण नाहीतच. त्याऐवजी गुणांचं नाव आहे 'कर्म'. खरंच, पुस्तिकेतच 'कर्मा' असं छापलंय.

नियम बघा. गुन्हा रोखला, लोक वाचवले, कर्म जमा. पण ठरलेल्या भेटीगाठी, नोकरी, घरच्या जबाबदाऱ्या पाळल्या तरी जमा, आणि चुकवल्या तर वजा. हिरोनं कुणाचा जीव घेतला तर सगळं कर्म शून्य. पन्नास असो की पाच हजार. त्यामुळे जन्मभर खलनायकांना कापणाऱ्याला इथे हिरो होताच येत नाही.

पण खरी कळ पुढे आहे. साठवलेलं कर्म दोन ठिकाणी खर्च करता येतं. एक तर शक्ती वाढवायला, सावकाश, भरपूर साठवून. किंवा आत्ता, ऐन वेळी, फाशाचं दान वाढवायला. इमारत पडतेय, तुमचं दान कमी पडतंय, तर साठ्यातून टाका आणि वाचवा. म्हणजे दर वेळी प्रश्न हा, की उद्या मोठं व्हायचं की आज हा माणूस वाचवायचा? आमच्या टेबलावर एकानं आठ रविवार जमवलेलं कर्म एका कुत्र्यासाठी उडवलं होतं. खेळातल्या, पण तरी.

अर्धी_वही, वाचवणं ही कमाई ठेवू नका. तो खर्च करा.

स्पष्टवक्ता_३

कर्माचं असं बँकखातं करणं गीतेला कितपत मान्य होईल ही शंका आहेच. पण आपल्याकडे ज्ञानेश्वरांच्या नावानं सांगतात तो मोक्षपट आहे ना, सापशिडीचा पूर्वज? सद्गुणाच्या घरातून शिडी, दुर्गुणाच्या घरात साप. तिथेही खाली यावं लागतंच. तुमच्या या सगळ्या गोष्टींत नायक फक्त चढतो. साप कुठे आहेत?

अर्धी_वही

हा प्रतिसाद वाचून मी उठून दोन फेऱ्या मारल्या. वाचवणं हा खर्च. म्हणजे रुक्मिणी जितकी वाचवेल तितकी खाली येईल. साप मिळाला.

पण मग शिडी? खर्चायला आधी जमा हवं ना. ती कमावणार कशावर? सदाचाराचे गुण दिले तर बोधकथा होते. "म्हाताऱ्या आजींना जागा दिली, +२." नको.

डबल_बेल

धागा पहिल्यापासून वाचतेय, आज लिहिते. माझे वडील तीस वर्षं कंडक्टर होते. आधी दोन चुका. एक, घंटी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की निघते. तुमच्या सगळ्या प्रकरणांत ती फक्त एकदा ओढते. मग तिनं थांबवलेलं परत चालू कोण करतं? डबल बेल तिलाच द्यावी लागेल. दोन, गाडी मागे घ्यायची असली की कंडक्टर खाली उतरून मागे उभा राहतो आणि शिट्टीवर गाडी घेतो. घाटात वळणावर तर हमखास. तुमची रुक्मिणी दहाही प्रकरणं सीटवरच बसून आहे.

आता कमाई. तुम्हाला तिकिटामागची बाकी माहीत असेलच. सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे पेनानं आकडा लिहितो, "उतरताना घ्या." बाबांच्या उजव्या हाताच्या बोटावर कायम निळी शाई असायची. माणसं विसरायची. साळवणला उतरून चालायला लागायची. बाबा खिडकीतून ओरडायचे, "ओ पाव्हणं, बाकी!" कधी माणूस निघून गेलाच, तर घरी आल्यावर वेगळ्या डबीत ते पैसे. बिस्किटांची पत्र्याची डबी. आई म्हणायची, कोण येतंय मागायला? बाबा म्हणायचे, माझं नाहीये ते. रोज तोच रूट, कधी ना कधी तो माणूस परत चढायचाच. तेव्हा बाबा मोठ्या थाटात म्हणायचे, "तुमचे तीन रुपये." आणि त्या माणसाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. बाबांचंही.

उलटं मात्र चालायचं नाही. डेपोत पैसे भरताना हिशोबात कमी आलं की ते खिशातून भरायचे.

यात बोधकथा नाही, रोजची कटकट आहे. बाकी परत केली की जमा. यापेक्षा जास्त काही द्यायची गरज नाही.

लाल_माती

ताई, डोळ्यांत पाणी आलं. शाई लागलेलं बोट दिसलं.

कुमुदताई

"वस्तू परत करण्याची सवय लावावी." 😊

गणित_नावडतं

म्हणजे तिची ताकद ही लोकांची सुट्टी नाणी! आणि सगळे यूपीआयनं तिकीट काढायला लागले की?

वीसपैलू

तो खलनायक. दुसऱ्या खंडात.

तळटीप_नको

हसलो, पण विचार करण्यासारखं आहे. क्यूआर कोडपुढे हळूहळू दुबळी होत जाणारी नायिका. एकही राक्षस लागणार नाही.

अर्धी_वही

काल रात्री वही उघडली. नववं आणि दहावं प्रकरण फाडलं. आठव्याचा नवा तुकडा देतोय. कच्चा आहे. बळ वीसपैलूंच्या हिशोबानं माणसांत मोजलंय, शेरा कुमुदताईंचा, बाकी डबल_बेल यांच्या बाबांची. लाल_माती, 'पातळी' कुठेही नाही, बघून घ्या.

*असळज सोडलं तेव्हा पावसानं काचा पांढऱ्या केल्या होत्या. रुक्मिणीनं तिकिटं फाडून झाल्यावर मांडीवर वही घेऊन बाकी मोजली. सात जण, तेवीस रुपये. मागच्या बाकावरच्या आजींचे तीन, कॉलेजच्या पोराचे पाच, वैभववाडीच्या भटजींचे दोन. गगनबावड्याला तीन जण उतरले. तिनं तिघांना हाक मारून हातात नाणी ठेवली. मशीन सरसरलं.*

*जमा बळ: सहा माणसं.*

*घाट सुरू झाला. चौथ्या वळणावर ड्रायव्हरनं आरशात बघून ब्रेक दाबला आणि शिवी दिली. मागे वरून चिऱ्यानं भरलेला टेम्पो उताराला सुटला होता. ड्रायव्हरच्या सीटवर कुणी नव्हतं. तो खाली उभा होता, चहाचा ग्लास हातात तसाच.*

*मशीन पुन्हा सरसरलं. रुक्मिणीनं पट्टी वाचली नाही, फाडून मुठीत धरली. तिला आकडा दिसला होता. लागणारं बळ: चौदा माणसं.*

*गाडीत अजून चौघांची बाकी होती. ती उठली, दांडीला धरत मागे गेली. "आजी, तुमचे तीन." "अगं, उतरताना दे की." "आत्ता घ्या." सात माणसं. पोराचे पाच. आठ. भटजींनी पैसे घ्यायला हात पुढे केला आणि मागच्या काचेतून टेम्पो बघून तो तसाच मागे घेतला. नाणी खाली पडली, सीटखाली गेली.*

*"उचला!" रुक्मिणी ओरडली. "काका, आधी ते उचला!"*

*नऊ. चौथा प्रवासी झोपला होता. तिनं त्याच्या खिशात आठ रुपये कोंबले. दहा.*

*चार माणसं कमी. तिनं घंटी ओढली.*

*टेम्पो थांबला नाही. पण त्याचा वेग माणसाच्या चालण्याएवढा झाला, आणि चालण्याच्या वेगानं येणाऱ्या टेम्पोत धावत चढता येतं. त्याच्याच ड्रायव्हरनं ते केलं, ग्लास अजून हातात.*

*मशीननं शेवटची पट्टी दिली तेव्हा तिचे हात थरथरत होते. यत्ता चौथीवरून पहिली. जमा बळ: शून्य. आणि त्याखाली, बारीक अक्षरात:*

*शेरा: झोपलेल्याच्या खिशात पैसे कोंबू नयेत. हातात द्यावेत.*

रात्रपाळी

ग्लास! 😂 यत्ता पहिली वाचून मात्र पोटात खड्डा पडला.

स्पष्टवक्ता_३

आकडे आहेत आणि तरी वाचत राहिलो. काही म्हणत नाही.

लाल_माती

जोड बरोबर लागली. चौदाला दहा. आता पुढच्या बारीला?

वीसपैलू

सुपरहिरो व्हायला आठ माणसांचं बळ लागतं. ती त्या गाडीत एक मिनिटभर दहावर होती, आणि परत शून्यावर आली.

डबल_बेल

छान झालंय. दोन गोष्टी. मशीनचं तिकीट फाडत नाहीत, म्हणजे ते पट्टीवरून तोडतात, पण "तिकिटं फाडून झाल्यावर" हे जुन्या ट्रेमधल्या तिकिटांचं वाक्य आहे. एकच काहीतरी ठेवा. आणि बाकी सात जणांची म्हणालात, तिघांना गगनबावड्याला दिली, चौघं उरले. त्या तिघांची किती होती ते सांगितलंच नाही. तेवीसमधून आजी, पोरगा, भटजी आणि झोपलेल्याचे वजा केले तर पाच रुपये उरतात. तिघांत पाच. एकाला एक, दोघांना दोन-दोन. जुळतं, पण वहीत तसं लिहा. बाबा असते तर आधी तेच तपासलं असतं.